आहेत त्या आवाजांचा नाताळ

प्रश्न : आमची मंडळी लहान आहे. रविवारच्या उपासनेला पन्नास-साठ माणसे असतात. नाताळच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी आम्ही दरवर्षी आमचा आम्हीच बसवलेला गीतांचा कार्यक्रम करतो. तो बसवणाऱ्या बाई यंदा दुसरीकडे राहायला गेल्या आणि पाळकसाहेबांनी ही जबाबदारी माझ्यावर सोपवली आहे. गाणारे आम्ही अकरा जण आहोत : सहा स्त्रिया, दोन पुरुष आणि तीन किशोरवयीन मुली. स्वरलिपी कोणालाच वाचता येत नाही. मी कीबोर्ड थोडाफार वाजवते आणि एक तरुण गिटारवर साथ करतो. तरुणांचे म्हणणे असे की तयार ट्रॅक लावून त्यावर गावे, नाहीतर बाहेरून दोन चांगले गायक मानधन देऊन बोलवावेत, कारण मोठ्या चर्चमधील कार्यक्रमांपुढे आपला कार्यक्रम फिका वाटतो. आमच्यातील दोन बहिणींना सूर अजिबात धरता येत नाही, पण सरावाला सर्वांत नियमित त्याच येतात. आणखी एक नाजूक गोष्ट आहे. कार्यक्रमाचे पहिले गीत अनेक वर्षे मंडळीतील एक ज्येष्ठ काका एकट्याने गातात. आता त्यांचा आवाज कापतो, सूर उतरतो, आणि हे त्यांना सांगण्याचे धाडस कोणाला होत नाही. हातात आठ आठवडे आहेत. मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. तुमच्याकडे काय नाही याची यादी तुम्ही नेमकी दिली आहे. पण अकरा माणसे आठ आठवडे आपला वेळ द्यायला तयार आहेत, ही त्याच पत्रातली गोष्ट तुम्ही ओझरती सांगून पुढे गेला आहात. माझा सल्ला या अकरा जणांपासून सुरू होतो. कार्यक्रम आधी ठरवून त्याला साजेसे आवाज शोधू नका. आवाज समोर आहेत, त्यांना पेलेल असा कार्यक्रम ठरवा. तयार ट्रॅक नको आणि मानधनावर गायकही नकोत. यामागची कारणे सविस्तर सांगते, म्हणजे तरुणांशी बोलताना ती तुम्हाला उपयोगी पडतील.

ज्या नाताळगीतांना आज मोठमोठी गायकवृंदे गातात, त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध गीत एका लहान चर्चच्या गरजेतून पुढे आले. ‘सायलेंट नाइट’ या नावाने जगभर गायले जाणारे ते गीत २४ डिसेंबर १८१८ रोजी ऑस्ट्रियातील साल्झबर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ या गावी पहिल्यांदा गायले गेले. शब्द तिथले तरुण साहाय्यक धर्मगुरू योझेफ मोर यांचे होते, चाल शेजारच्या गावातील शिक्षक फ्रान्झ ग्रूबर यांनी लावली होती, आणि ते सादर झाले दोन पुरुषी आवाजांत, गिटारच्या साथीवर. तुमच्या चर्चमध्ये यापेक्षा नऊ आवाज जास्त आहेत आणि गिटार तर आहेच. ही गोष्ट केवळ धीर देण्यासाठी सांगत नाही. दोन आवाजांना आणि एका वाद्याला पेलेल इतकी साधी रचना असल्यामुळेच ते गीत कोणत्याही मंडळीला गाता येते, आणि तुमची निवडही याच कसोटीवर व्हायला हवी.

दुसरे उदाहरण तुमच्या अधिक कामाचे आहे. इंग्लंडमधील ट्रुरो येथे कॅथीड्रलचे, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचे, बांधकाम चालू असताना उपासना एका तात्पुरत्या लाकडी इमारतीत होत असे. तिथले बिशप एडवर्ड व्हाइट बेन्सन यांनी १८८० च्या नाताळच्या पूर्वसंध्येला बायबलमधील नऊ शास्त्रपाठ आणि त्यांच्यामध्ये गीते अशी उपासना योजली. पाठ वाचण्याची सुरुवात गायकवृंदातील लहान मुलापासून होई आणि क्रमाने वर जात शेवटचा पाठ स्वतः बिशप वाचीत. पुढे १९१८ मध्ये, पहिले महायुद्ध संपल्यावर लगेचच, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने हीच मांडणी स्वीकारली आणि १९२८ मध्ये ती पहिल्यांदा रेडिओवरून प्रसारित झाली आणि पुढे जगभर पोहोचली. आज तिचे भव्य रूप आपल्याला ठाऊक आहे, पण तिचा जन्म लाकडी इमारतीतला आहे. ही मांडणी लहान मंडळीला नेमकी मानवते, कारण तिच्यात संध्याकाळचा सगळा भार गायकांवर पडत नाही.

तुमच्यासाठी तिचे लहान रूप असे करता येईल. एकूण वेळ एक तास धरा. सहा पाठ घ्या : यशयाचा नववा अध्याय, मीखाच्या पाचव्या अध्यायातील बेथलेहेमविषयीची वचने, लूकच्या पहिल्या अध्यायातील मरीयेला झालेला देवदूताचा संदेश, दुसऱ्या अध्यायातील जन्माची आणि मेंढपाळांची कथा दोन भागांत, आणि मत्तयच्या दुसऱ्या अध्यायातील ज्ञानी लोकांचे आगमन. दोन-दोन मिनिटांचे हे वाचन बारा मिनिटांत होते. संपूर्ण मंडळीने उभे राहून गायची पाच गीते ठेवा. त्यांना अठरा-वीस मिनिटे लागतील. मग गायकवृंदाच्या वाट्याला फक्त चार गीते उरतात, म्हणजे बारा-तेरा मिनिटे. मुलांचा छोटा प्रसंग आणि पाळकसाहेबांची प्रार्थना यांत उरलेला वेळ भरतो. आठ आठवड्यांत चार गीते नीट बसवणे अकरा नवख्या गायकांना शक्य आहे. दहा गीते त्यांना शक्य नाहीत, आणि अनेक लहान मंडळींचे कार्यक्रम या दहा गीतांच्या हट्टापायी विस्कटतात. शिवाय जे गात नाहीत त्यांना वाचनाच्या रूपाने काम मिळते. वाचक निवडताना वयाने आणि स्वभावाने वेगवेगळी माणसे घ्या, आणि त्यांच्याकडून प्रत्यक्ष उभे राहायच्या जागेवरून निदान दोनदा मोठ्याने वाचून घ्या. शास्त्रपाठ घाईत उरकला गेला, तर त्यानंतरचे गीतही आधार हरवते.

आता स्वरांकडे वळू. गीत कठीण वाटते तेव्हा बहुतेक वेळा ते कठीण नसते, चुकीच्या पट्टीत असते. सर्वसाधारण मंडळीला पांढरी एकपासून (कीबोर्डवरील C) वरच्या सप्तकातील पांढरी दोनपर्यंतचा (D) पल्ला आरामात गाता येतो. त्याच्या वर गेले की पुरुष गप्प होतात आणि स्त्रिया ताणून गातात. म्हणून प्रत्येक गीतातील सर्वांत वरचा स्वर कोणता हे आधी शोधा आणि तो या मर्यादेत बसेल अशी पट्टी ठरवा. ध्वनिमुद्रणात गायकाने ज्या पट्टीत गायले आहे, ती त्याच्या गळ्याची सोय असते; तुम्हाला तिचे बंधन नाही. कीबोर्डवरील पट्टी बदलणाऱ्या ट्रान्सपोज बटणाने तुमचे काम सोपे होईल, पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुढचे गीत सुरू करण्यापूर्वी ते बटण मूळ जागी आणायला विसरू नका, आणि गिटारवाल्या तरुणाला प्रत्येक गीताची खरी पट्टी कागदावर लिहून द्या. गिटारचा कॅपो, म्हणजे तारांवर लावायचा चिमटा, पट्टी फक्त वर नेतो, खाली आणत नाही, त्यामुळे काही गीतांत त्याला वेगळे कॉर्ड शिकावे लागतील आणि त्यासाठी वेळ पहिल्याच आठवड्यात मिळायला हवा.

चार भागांच्या गायनाचा मोह टाळा. दोन पुरुषांना दोन वेगळे भाग दिले आणि त्यांतील एकाला त्या दिवशी सर्दी झाली, तर सगळी रचना कोसळते. एका सुरात, एकत्र, स्पष्ट शब्दांत गायलेले गीत ऐकायला अतिशय सुंदर असते आणि त्यात वैविध्य आणण्याचे अनेक साधे मार्ग आहेत. पहिले कडवे सर्वांनी, दुसरे फक्त स्त्रियांनी, तिसरे पुरुषांनी आणि शेवटचे पुन्हा सर्वांनी, एवढ्यानेही गीत उजळते. एखाद्या संथ गीतात पुरुषांनी खाली षड्ज (सा) धरून ठेवावा आणि त्यावर स्त्रियांनी चाल गावी. तीन मुलींचे आवाज स्थिर असतील तर शेवटच्या कडव्यात त्यांना वरून एक स्वतंत्र, सोपी स्वरओळ द्या. आणि एखादे गीत असे निवडा की जे एका गटाने सुरू केल्यावर दुसरा गट एक ओळ मागून सुरू करू शकेल. स्वरलिपी न वाचता बहुस्वरी गायनाचा आनंद त्यातून मिळतो. एखादे कडवे वाद्यांशिवाय गाऊन पाहा. सुरुवातीला भीती वाटेल, पण माणसे एकमेकांचे ऐकायला तिथेच शिकतात.

ज्या दोन बहिणींना सूर धरता येत नाही असे तुम्ही लिहिले आहे, त्यांच्याविषयी मला थोडे अधिक बोलायचे आहे. जन्मतः स्वरांतील फरकच ओळखता येत नाही अशी माणसे असतात, पण ती फार थोडी. बाकीच्यांची अडचण वेगळी असते. त्यांना गर्दीत स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, किंवा दिलेला स्वर त्यांच्या गळ्याच्या पल्ल्याबाहेर असतो, किंवा लहानपणी कोणीतरी ‘तू गाऊ नकोस’ म्हटल्यामुळे त्या दबून गातात. त्यांना सरावाच्या आधी पंधरा मिनिटे बोलवा. तुम्ही स्वर देऊन तो पकडायला सांगण्याऐवजी त्यांना सहज येईल तो स्वर गाऊ द्या आणि तुम्ही तो स्वर गाऊन त्यांना मिळा. दोन आवाज एकाच स्वरावर आले की कसे वाटते, हे एकदा कळले की तिथून एकेक स्वर वर-खाली सरका. सरावात आणि कार्यक्रमात त्यांना पुढच्या रांगेत उभे करा आणि ज्यांचा सूर पक्का आहे अशी स्त्री त्यांच्या थेट मागे ठेवा, म्हणजे योग्य स्वर त्यांच्या कानाशी सतत राहील. आठ आठवड्यांत त्या एकल गीत गाणार नाहीत, पण समूहात मिसळून जातील. ‘तुम्ही नुसते ओठ हलवा’ असे मात्र त्यांना कधीही सांगू नका. जी माणसे सर्वांत नियमित येतात, त्यांना देवाच्या घरात गाण्याचे सोंग करायला लावणे हा अन्याय आहे, आणि अकरांपैकी दोन आवाज थोडे सैल राहिले म्हणून नाताळचे काही बिघडत नाही.

तरुणांना मात्र उडवून लावू नका. कार्यक्रम नीट ऐकू यावा, नीट दिसावा, रेंगाळू नये, ही त्यांची अपेक्षा योग्यच आहे. फक्त त्यांनी सुचवलेला उपाय चुकतो. तयार ट्रॅक कोणासाठी थांबत नाही. एखाद्याची ओळ चुकली, कोणाला श्वासाला क्षणभर जास्त लागला किंवा मंडळी जरा संथ गायली, तरी तो पुढे जात राहतो, आणि मग गाणारे त्याच्या मागे धावू लागतात. तुमचा गिटारवाला तरुण कितीही नवखा असला तरी तो गाणाऱ्यांकडे पाहून थांबू शकतो. दुसरे असे की मोठ्या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणावर अकरा आवाज ठेवणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालणे. त्यात आपण आहोत त्याहून लहान दिसतो. बाहेरच्या गायकांबद्दल माझा आक्षेप आणखी साधा आहे. त्या संध्याकाळी समोर बसणाऱ्या माणसांना उत्तम गायन ऐकायचे असेल तर ते त्यांना घरी बसूनही ऐकता येते. आपल्याबरोबर रोज उठबस करणारी माणसे ख्रिस्तजन्माची वार्ता आपल्यासाठी गात आहेत, हे त्यांना दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. तरुणांना प्रकाशयोजना, खुर्च्यांची मांडणी, वाचकांसाठीचा एक चांगला माइक, गीतांचे शब्द पडद्यावर किंवा कागदावर देण्याचे काम आणि संपूर्ण क्रमाची जबाबदारी द्या. एका खोलीएवढ्या चर्चमध्ये गायकांसाठी माइकची गरज बहुधा पडत नाही. माइक नसेल तर सारे जण मोकळ्या गळ्याने गातात.

शब्दांच्या प्रती काढण्यापूर्वी एक चौकशी करा. जुन्या नाताळगीतांच्या चाली आता कोणाच्याही मालकीच्या नसल्या, तरी त्यांचे अलीकडचे अनुवाद आणि रचना यांवर हक्क असू शकतो. उपासनेत गाणे, प्रती वाटणे आणि चित्रफीत इंटरनेटवर टाकणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पाळकसाहेबांना विचारून घ्या. चित्रफितीत लहान मुले दिसणार असतील तर त्यांच्या पालकांची संमतीही आधी घ्या.

सरावासाठी आठवड्यातून एकदा सव्वा तास पुरेसा आहे. पहिल्या सरावाआधी तुम्ही स्वतः प्रत्येक गीताची चाल ठरवलेल्या पट्टीत साधेपणाने गाऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि सर्वांना पाठवा. स्वरलिपी न वाचणाऱ्यांसाठी हीच त्यांची वही आहे. पहिल्या तीन आठवड्यांत चारही गीतांच्या चाली पक्क्या करा, मग शब्दांचे उच्चार, श्वासाच्या जागा आणि आवाजाचा चढ-उतार यांकडे वळा. निदान पहिले आणि शेवटचे गीत सर्वांना पाठ असावे, कारण कागदात डोके घातलेला गायक समोरच्या माणसापर्यंत पोहोचत नाही. शेवटचे दोन सराव चर्चमध्येच, प्रत्यक्ष क्रमाने करा : कोण कधी उठतो, कोठे उभा राहतो, सुरुवातीचा स्वर कोण देतो, वाचन संपल्यावर किती थांबायचे. प्रेक्षकांना खटकतात त्या चुका बहुधा गीताच्या आतल्या नसतात, दोन गीतांच्या मधल्या गोंधळाच्या असतात. प्रत्येक महत्त्वाच्या ओळीसाठी दुसरा माणूस तयार ठेवा. त्या दिवसांत सर्दी-खोकल्याने एखादा गायक हमखास गळतो.

मुलांच्या प्रसंगाला लांब संवाद देऊ नका. एकाने लूकच्या शुभवर्तमानातून वाचावे आणि मुलांनी न बोलता तो प्रसंग करून दाखवावा, एवढे पुरे. असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो येथे नाताळचा देखावा मांडला, तेव्हा त्यात गवत भरलेली गव्हाणी, एक बैल आणि एक गाढव एवढेच होते.

काकांचा विषय मुद्दाम शेवटी घेतला आहे, कारण बाकीचे सारे चुकले तरी पुढच्या वर्षी सुधारता येते, यात तशी मुभा नाही. वयानुसार स्वरयंत्रातील स्नायू बारीक होतात, त्यातील कूर्चा कडक होत जातात आणि फुप्फुसांत पूर्वीइतका श्वास मावत नाही. त्यामुळे वरचे स्वर आधी जातात, लांब ओळ एका श्वासात पुरत नाही आणि आवाज कापतो. यात त्यांचा दोष नाही आणि सराव कमी पडतो असेही नाही. काही भाग मात्र आपल्या हातात आहे. ते गीत कदाचित अजूनही त्यांच्या तरुणपणीच्या पट्टीत गायले जात असेल. दोन-तीन स्वर खाली आणून, थोडी गती वाढवून आणि ओळीच्या मध्ये श्वासाची जागा करून पाहिल्याशिवाय त्यांना ते जमत नाही असा निष्कर्ष काढू नका.

त्यांच्याशी बोलायला तुम्हीच जा, त्यांच्या घरी जा आणि एकट्या जा. सरावानंतर चारचौघांत किंवा दुसऱ्या कोणाकरवी निरोप पाठवून ही गोष्ट करू नका. ‘यंदा नव्यांना संधी द्यायची आहे’ असे कारण पुढे करू नका. इतकी वर्षे गाणाऱ्या माणसाला आपल्या गळ्याचे काय झाले आहे हे आपल्या आधी कळलेले असते, आणि खोटे कारण ऐकले की सगळे आपल्या पाठीमागे हेच बोलत होते हेही त्यांना कळते. आधी त्यांना विचारा : ‘काका, सुरुवातीचे गीत गाताना हल्ली तुम्हाला कसे वाटते?’ आणि मग थांबा. कदाचित तेच म्हणतील की आता दम लागतो, पण नाही म्हणायला संकोच वाटत होता. ते काही बोलले नाहीत, तर तुम्ही सरळ पण हळुवारपणे सांगा की वरच्या स्वरांवर त्यांना त्रास होतो हे तुम्हाला जाणवले आहे आणि त्यावर काय करता येईल हे त्यांच्याशी मिळून ठरवायला तुम्ही आला आहात. त्यांच्यापुढे खरे पर्याय ठेवा. पहिले कडवे खालच्या पट्टीत, फक्त गिटारवर, त्यांनी गावे आणि दुसऱ्या कडव्यापासून तीन मुलींपैकी एकीने ते पुढे न्यावे. किंवा दोघांनी मिळून पहिल्यापासून एका सुरात गावे. किंवा त्यांनी लूकच्या दुसऱ्या अध्यायाचा पाठ वाचावा आणि ते गीत त्या मुलीला स्वतः शिकवावे. शब्द कोठे तोडायचा, कोणत्या ओळीवर थांबायचे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

हे सगळे ऐकूनही त्यांना यंदा एकट्यानेच गायचे असेल, तर माझ्या मते गाऊ द्यावे. गीत खालच्या पट्टीत आणा, कडवी कमी करा आणि शेवटच्या ओळीला सर्व गायकांनी त्यांना साथ द्यावी. मंडळीने त्यांचा आवाज भरात असताना ऐकला आहे; ती तो आताही ऐकून घेईल. तरुणांपैकी कोणी कुरकुर केली, तर निर्णय तुमचा आणि पाळकसाहेबांचा आहे एवढेच सांगा. त्यासाठी पाळकसाहेबांना आधीच विश्वासात घ्या. ही भेट पहिल्या सरावाच्या आधी, याच आठवड्यात उरकून घ्या, म्हणजे गीतांची पट्टी आणि कार्यक्रमपत्रिका ठरवताना काकांनी स्वतः निवडलेली जागा तुम्हाला माहीत असेल.